यंत्रमानवाची गोष्ट, लेखांक ७ : पेंढ्याचं वासरू

मागच्या आठवड्यात यंत्रमानव दोन पायांवर तोल कसा सांभाळतो ते पाहिलं. त्यावर पूर्ण्यातल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, ‘त्याला लेकरं होतील का? आणि त्याला त्यांची माया येईल का?’ या लेखमालेला इतका खोल प्रश्न आजवर आला नव्हता. ठरवलेला विषय बाजूला ठेवून आज त्यावरच लिहितो.

हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सची यंत्रमानव सोफिया ३० डिसेंबर २०१७ रोजी साडी नेसून पवईच्या आयआयटीत टेकफेस्टच्या व्यासपीठावर आली होती. त्याच्या महिनाभर आधी दुबईत मुलाखत देताना ती म्हणाली होती की कुटुंब ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. लेक झाली तर तिचं नाव काय ठेवशील, यावर तिचं उत्तर होतं, सोफिया. पुढे पवईतल्याच केंद्रीय विद्यालयातले संगणकशिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, लाकूड, टाकाऊ प्लास्टिक असं साहित्य वापरून ‘शालू’ ही यंत्रमानव घडवली. ९ भारतीय आणि ३८ परदेशी भाषांत ती बोलते, त्यांत मराठीही आहे. एका शिक्षकाने एवढं करावं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण सोफियाचं ते कुटुंबाबद्दलचं बोलणं आलं कुठून? तिची काही उत्तरं माणसं आधी लिहून ठेवतात, काही संगणकाची आज्ञावली शब्द जुळवून देते. चेहऱ्याच्या रबरी कातडीखालच्या मोटारी ओठ ओढतात आणि हसू दिसतं. ज्याला हसू यावं असं आत कोणी नाही.

आपल्या आत काय असतं? त्यासाठी गोठ्यात जाऊ. वासरू कासेला ढुशी देतं, गाय पान्हा सोडते. सडांना झालेला स्पर्श मज्जातंतूंवाटे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो, तिथे तयार झालेलं ऑक्सिटोसिन पीयूष ग्रंथीतून रक्तात उतरतं, कासेतल्या बारीक पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. गाय बिथरली की अॅड्रेनॅलिन हे सगळं अडवतं. पान्हा चोरला, असं आपण म्हणतो, पण ती काही ठरवून चोरत नसते. हेच ऑक्सिटोसिन बाळंतिणीच्या अंगातही स्रवतं, आणि आई-बाळाच्या ओढीत त्याचा वाटा असतो. माया आधी रक्तात उतरते, तोंडातून शब्द मागाहून येतात.

मेंदूवैज्ञानिक अंतोनिओ दामासिओ १९९४ च्या ‘डेकार्त्स एरर’ या पुस्तकापासून हेच मांडत आले आहेत. अंगातली साखर, पाणी, उष्णता ठरावीक मर्यादेत राहिली तरच जीव टिकतो. ती मर्यादा सुटू लागली की भूक, तहान, अस्वस्थता जाणवते. भावनांची मुळं तिथे आहेत. यंत्राची बॅटरी उतरली तर ते बंद पडतं आणि चार्ज केल्यावर पुन्हा सुरू होतं. मधल्या काळात त्याचं काहीच हरवलेलं नसतं, मग त्याला भीती वाटावी कशाची?

म्हणूनच २०१९ मध्ये किंग्सन मान आणि दामासिओ यांनी ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’मध्ये एक वेगळीच वाट सुचवली. यंत्रमानव मजबूत करण्याऐवजी नाजूक करा, मऊ कातडीचा, अंगभर संवेदक असलेला, इजा होऊ शकणारा, आणि स्वतःला टिकवणं हेच त्याचं काम ठेवा. मला हा विचार पटतो. त्यामुळे ‘यंत्राला भावना कधीच येणार नाहीत’ असं मी त्या मुलीला सांगणार नाही. आज अशा भावना असलेलं यंत्र कुठेही नाही, एवढं मात्र ठामपणे सांगेन.

लेकरांचं काय? डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतला यंत्रमानव आपल्यासारखे आणखी यंत्रमानव घडवण्याची विद्या मिळवू पाहतो. २०२१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी बेडकाच्या पेशींपासून केलेले इवले झेनोबॉट सुट्या पेशी गोळा करून नवे झेनोबॉट तयार करताना दाखवले. तेव्हा संख्या वाढवणं अशक्य नाही. पण संख्या बुरशीचीही वाढते. कुटुंबात कोणी तरी कोणासाठी वर्षानुवर्षं झोप मोडतं, आणि गेलेल्याची जागा दुसऱ्या कोणाला भरता येत नाही. यंत्राची स्मृती जशीच्या तशी दुसऱ्या यंत्रात उतरवता येते. मग कोणी गेलं असं म्हणायचं तरी कधी?

वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवायची रीत होती. गाय त्याला हुंगायची, चाटायची, पान्हा सोडायची. पान्हा खराच असायचा, वासरू मात्र पेंढ्याचं. यंत्रांपुढे आपलं हेच होतं. सोनीने आयबो हा यांत्रिक कुत्रा बनवणं २००६ मध्ये थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. २०१५ पासून जपानमधल्या इसुमी गावच्या कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुलांशी गप्पा मारणाऱ्या मॉक्सी या यंत्राची अमेरिकी कंपनी बंद होत असल्याचं जाहीर झालं, आणि सोबती आता बोलायचा थांबेल हे लेकरांना समजावायची पाळी आईबापांवर आली.

हे आपल्यापासून फार दूर नाही. पूर्णा जंक्शनवरून तपोवन आणि देवगिरी मुंबईला जातात. इथली कितीतरी मुलं मुंबई-पुण्याला कामाला आहेत आणि म्हातारी माणसं घरी एकटी आहेत. त्यांच्यासाठी उद्या बोलकं यंत्र येईल. त्याने गोळ्यांची वेळ सांगावी, आजी पडल्या तर शेजारी कळवावं, ते मला हवंच आहे. पण ‘आजी, मला तुमची आठवण येते’ असं त्याच्या तोंडी घालून ते विकायला माझा विरोध आहे. पेंढ्याचं वासरू गाईपुढे ठेवणाऱ्याला दूध हवं असायचं. हे यंत्र आजींपुढे ठेवणाऱ्याला काय हवंय, पैसे की त्यांच्या घरातल्या गोष्टी, हे विकत घेण्याआधी मुलांनी विचारावं. कंपनी बंद पडली तर यंत्राचं काय होणार, हेही लिहून घ्यावं.

पुढच्या लेखात इस्रोची यंत्रमानव व्योममित्रा. माणसांच्या आधी गगनयानातून तिला का पाठवायचं, आणि तिच्या अंगातले संवेदक तिथे काय काय मोजणार, ते पाहू.