भागिले कशाने?

जून महिना लागला की वर्तमानपत्रांची पानं कॉलेजांच्या जाहिरातींनी भरू लागतात. इमारतीचा फोटो, गाऊन घातलेली दोन हसरी मुलं आणि खाली ठळक अक्षरांत सरासरी पॅकेज, सर्वोच्च पॅकेज. बारावी झालेल्या मुलीचे आईवडील तो कागद कापून जपून ठेवतात. फीसाठी कर्ज काढायचं की नाही, हे पुष्कळदा त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून तो आकडा कसा तयार होतो ते आधी पाहू.

समजा, वर्गात 60 मुलं आहेत. त्यांतल्या 24 जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली: 18 जणांना वर्षाला 3 लाखांची, 5 जणांना 5 लाखांची आणि एकाला 40 लाखांची. बेरीज झाली 119 लाख. भागिले 24, म्हणजे 4.96 लाख. जाहिरातीत ‘सरासरी पॅकेज सुमारे 5 लाख’ असं छापलं तर गणितात चूक काढता येणार नाही. पण त्या 40 लाखांच्या मुलाला बाजूला ठेवलं, तर उरलेल्या 23 जणांची सरासरी 3.43 लाखांवर येते. चोविसांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधोमध 3 लाखच येतात. यालाच मध्यक म्हणतात, आणि दहावीच्या पुस्तकात तो आपण सगळ्यांनीच काढलेला असतो. आता उरलेली 36 मुलंही रांगेत घ्या. साठांच्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाच्या हाती शून्य आहे.

पाच लाख, तीन लाख आणि शून्य. तिन्ही आकडे एकाच वर्गाचे आणि तिन्ही खरे. पाच आणि तीन यांतला फरक सरासरी आणि मध्यक यांचा; तीन आणि शून्य यांतला मात्र रांगेत कोणाला उभं केलं याचा, म्हणजे छेदाचा. साठ हाही अगदी न्याय्य छेद नव्हे, कारण काही मुलं पुढे शिकायला जातात, काही घरच्या दुकानात बसतात. ‘नोकरी हवी होती असे किती?’ हा खरा छेद. जाहिरातीत तो नसतो. प्रवेशाच्या वेळी आईवडिलांनी तोंडी विचारावा असा हा पहिला प्रश्न आहे.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षात मुलं मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन सगळं काढायला शिकतात. कॅल्क्युलेटर हाताशी असतो, सूत्र पाठ असतं, उत्तर येतं. मात्र परीक्षेतल्या गणितात भागायचं कशानं, हे आधीच ठरवून दिलेलं असतं. दुकानात, बँकेत, शेतात तसं कोणी ठरवून देत नाही. मला हे शिक्षण तिथेच अपुरं वाटतं. सूत्रांची उजळणी करायची तर जरूर करावी. पण प्रत्येक आकड्यापुढे ‘भागिले कशाने?’ हे विचारण्याचा सराव तिच्याआधी व्हायला हवा.

हा प्रश्न किती खोल जातो, हे एका मराठी माणसाच्या कामातून फार स्पष्ट दिसतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन, आणि परतल्यावर दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम. चाळीसच्या दशकात देशापुढे धान्याचा घोर प्रश्न होता. बंगालचा दुष्काळ 1943 चा. कोणत्या जिल्ह्यात किती गहू, किती भात पिकेल, हे ठाऊक नसेल तर रेशन कशावर ठरवणार? सगळी शेतं कापून मोजणं अशक्य. म्हणून काही शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, त्यात छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं, आणि तुकड्याच्या क्षेत्रफळानं भागून एकरी उतारा काढायचा. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात.

तुकडा किती मोठा घ्यायचा यावर त्या काळी मोठा वाद झाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता. त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. तुकडा छोटा असला की त्याच खर्चात जास्त ठिकाणी जाता येतं, आणि जितकी ठिकाणं जास्त तितकी नमुन्याची चूक कमी. सुखात्मे म्हणाले, छोट्या तुकड्यात उतारा खऱ्यापेक्षा जास्तच दिसतो. 1947 साली अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा या प्रश्नावरचा लेख छापून आला.

जास्त का दिसावा? कापणी करणारा माणूस वाकून दोरीच्या कडेनं विळा चालवतो. कडेवरचं एखादं धाट आत धरायचं की बाहेर? हात आपोआप आत ओढतो. हे जाणूनबुजून होत नाही. पण त्या धाटाचे दाणे तराजूत जातात, म्हणजे अंशात मिळतात. छेदात मात्र तुकड्याचं आखलेलं क्षेत्रफळच राहतं. वर भर पडली, खाली काहीच हललं नाही.

हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. समजा, दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि कडेनं दोन इंच जास्तीचं पीक कापलं गेलं. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतं, तेव्हा उतारा सुमारे 17 टक्क्यांनी फुगतो. आता 33 फूट बाय साडेसोळा फुटांचा आयत घ्या, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा. तीच दोन इंचांची चूक चारही बाजूंनी केली तरी वाढ भरते जेमतेम 3 टक्के. माणूस तोच, विळा तोच, चूकही तेवढीच. तुकडा लहान असला की त्याच्या आकाराच्या मानानं कडा फार असते, एवढंच.

व्यवसायात संख्याशास्त्र वापरणाऱ्यानं यातून एक भेद मनात पक्का करावा. नमुन्यामुळे होणारी चूक नमुना वाढवला की कमी होते, तीही वर्गमुळाच्या हिशेबानं. 9 शेतांऐवजी 900 शेतं मोजली तर नमुना शंभर पट झाला, पण चूक एक दशांश झाली. कडेच्या धाटांची चूक मात्र 900 शेतांतही जशीच्या तशी राहते, कारण ती प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूला झुकलेली असते. ‘आम्ही लाखभर ग्राहकांना विचारलं’ असं कोणी सांगितलं तर मला ही कडेची धाटं आठवतात. लाख ठीक आहे, पण विचारलं कोणाला? ॲप उघडून पाच तारे देणाऱ्यांनाच ना? वैतागून ॲप काढून टाकणारा त्या लाखात कुठे आहे?

सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. त्यांचा हा प्रश्न मात्र अजून आपल्या बांधावर उभा आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या उताऱ्याला मोठं वजन आहे. उतारा जास्त दिसला तर भरपाई कमी. दोरी कुठे लागली आणि कडेची धाटं कोणाच्या बाजूला गेली, यावर महसूल मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांचे पैसे अवलंबून असतात. प्रयोगाच्या दिवशी गावकऱ्यांनी शेतात हजर राहावं आणि दोरीकडे लक्ष ठेवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

संभाव्यतेत हाच छेद आणखी फसवा होतो, कारण तो वाक्याच्या पोटात दडलेला असतो. मार्केट यार्डातल्या गल्ल्यावर नोटा मोजायचं यंत्र आहे असं समजा. खोट्या नोटांपैकी शंभरात 90 ते पकडतं, आणि खऱ्या नोटांपैकी शंभरात एकीवर उगाच वाजतं. यंत्र वाजलं. नोट खोटी असण्याची शक्यता किती? पुष्कळ जण 90 टक्के म्हणतात. सूत्र बाजूला ठेवून नोटा मोजू. 10,000 नोटांत 10 खोट्या आहेत असं धरू. त्यांतल्या 9 वर यंत्र वाजेल. उरलेल्या 9,990 खऱ्या नोटांपैकी साधारण 100 वरही वाजेल. एकूण 109 वेळा वाजलं, त्यांत खोट्या 9. म्हणजे शंभरात 8 सुद्धा जेमतेम.

‘खोटी असेल तर वाजेल’ आणि ‘वाजलं तर खोटी असेल’ ही दोन वाक्यं कानाला जुळी वाटतात. पहिल्यात भागिले 10, दुसऱ्यात भागिले 109. थॉमस बेझ यांचा या विषयावरचा निबंध त्यांच्या निधनानंतर 1763 साली प्रसिद्ध झाला, आणि आज त्यांचं सूत्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तरी सुरुवात करणाऱ्यानं सूत्राआधी अशा दहा हजार नोटा मांडून बघाव्यात. गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सगळ्यांदेखत चोर ठरवण्याआधी तर नक्कीच.

नोट दुसऱ्या यंत्रातून घातली तर? दुसरं यंत्र तितकंच चांगलं असेल आणि पहिल्यापासून स्वतंत्रपणे निर्णय घेत असेल, तर 9 खोट्यांपैकी 8 वर ते पुन्हा वाजेल आणि 100 खऱ्यांपैकी एकीवर. आता नऊ वेळांत आठ वेळा नोट खोटीच निघेल. पण ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द हलका नाही. पहिलं यंत्र नोट मळकी आहे म्हणून वाजलं असेल आणि दुसरंही मळालाच अडत असेल, तर दुसऱ्यांदा वाजण्यानं नवं काही कळलं नाही. पुस्तकात ‘घटना स्वतंत्र आहेत असे माना’ हे पाच शब्दांत उरकलेलं असतं. व्यवहारात त्याची शहानिशा करण्यातच निम्मं काम आहे.

घरी करण्याजोगा एक छोटा प्रयोग. नाणं 100 वेळा उडवा आणि छाप की काटा ते क्रमानं लिहा. सलग सहा वेळा एकच बाजू पडलेली दिसण्याची शक्यता जवळपास 80 टक्के आहे. ठरावीक सहा फेकींत तसं होणं 32 मध्ये एकदा. पण शंभर फेकींत अशी रांग सुरू होऊ शकेल अशा 95 जागा असतात. सलग सहा दिवस विक्री चढली म्हणून दुसरी शाखा उघडायला निघालेल्या दुकानदारानं आपण किती दिवसांच्या विक्रीतून हे सहा दिवस उचलले, ते आधी मोजावं.

आता स्वयंपाकघरात येऊ. संकष्टीला उकडीचे मोदक करून विकणाऱ्या एका बाईंची वही आपल्यासमोर आहे असं समजा. एका मोदकाला खर्च 18 रुपये, विक्री 30 रुपयांना. रात्री उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. गेल्या 20 संकष्ट्यांची मागणी अशी: चार वेळा 60, पाच वेळा 80, चार वेळा 100, चार वेळा 120 आणि तीन वेळा 140. सरासरी निघते 97. मग 97 मोदक करावेत?

एकेका मोदकाचा विचार करा. विकला गेला तर 12 रुपये मिळतात, उरला तर 18 जातात. म्हणून विकला जाण्याची शक्यता 60 टक्क्यांहून जास्त असेल तरच तो मोदक वळावा. ऐंशीवा मोदक विसांपैकी 16 वेळा खपला असता, म्हणजे 80 टक्के. एक्याऐंशीवा खपण्यासाठी मागणी 100 तरी हवी, आणि ती 11 वेळाच होती, म्हणजे 55 टक्के. थांबायचं 80 वर. पडताळून बघा: 80 मोदकांवर दर संकष्टीला सरासरी नफा 840 रुपये पडतो, 97 वर सुमारे 814, आणि 100 वर 810. मागणी तेवढीच राहून भाव 45 करता आला तर शक्यतेची मर्यादा 40 टक्क्यांवर उतरते आणि 100 मोदक करणं बरं ठरतं. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी 1888 साली बँकेनं गल्ल्यात किती रोकड ठेवावी याचा विचार याच धाटणीनं केला होता. मोठमोठ्या दुकानांच्या गोदामांतला हिशेबही याच मुळावर वाढला आहे.

या वहीत दोन जागी जपायला हवं. मंगळवारी आलेली संकष्टी म्हणजे अंगारकी. त्या दिवशीची मागणी निराळीच असते. ती विसांत मिसळली तर सरासरी उगाच वर जाते आणि साध्या संकष्टीला मोदक उरतात. अंगारकीसाठी वहीचं पान वेगळं ठेवावं.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. वहीत सहसा किती विकले गेले ते लिहिलेलं असतं. ऐंशी केले, ऐंशी संपले, तर ‘80’ लिहून वही मिटली जाते. पण सात वाजता मोदक संपले आणि चंद्रोदयापर्यंत तीस जण विचारून गेले, तर त्या दिवशीची मागणी 110 होती. ते तीस जण कुठेच नोंदले जात नाहीत, आणि पुढच्या महिन्याचा हिशेब त्यांना वगळूनच होतो. म्हणून वहीत उजव्या हाताला एक रकाना आखून घ्यावा, त्यावर ‘विचारून परत गेले’ असं लिहावं, आणि मोदक संपल्यावरही दाराशी पेन ठेवावं.