वृद्धांमधील तीव्र रक्तकर्करोग : संयुक्त औषधोपचार

तीव्र मायलॉइड ल्युकेमियावरील प्रखर रसायनोपचार वृद्धांना बहुधा सोसत नाहीत. अशा रुग्णांना ॲझासायटिडीन व व्हेनेटोक्लॅक्स ही औषधे एकत्रितपणे दिली जातात. पहिले डीएनएचे मिथिलीकरण रोखते. दुसरे पेशीमृत्यू थोपविणारे बीसीएल-२ हे प्रथिन निष्प्रभ करते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४३१ रुग्णांच्या चाचणीत मध्यक जीवितकाल एकट्या ॲझासायटिडीनने ९.६, तर संयुक्त उपचाराने १४.७ महिने आढळला. मात्र पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय २८ दिवसांच्या प्रत्येक चक्रात ७ दिवस इंजेक्शन घ्यावे लागते. अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरातील वृद्धाला त्यासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत लोकलच्या गर्दीतून जावे लागल्यास तो प्रवासही धोक्याचाच. म्हणून पहिले चक्र मोठ्या रुग्णालयात आणि पुढील इंजेक्शने व रक्ततपासण्या शक्यतो घराजवळ, अशी विभागणी हितावह ठरते.