'सी' भाषेतील स्मृतिवाटप आणि मराठी संहिता

म्हैसूर येथे १९६९ साली भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. भाषाभ्यासाची साधने सिद्ध करणे हे त्याचे एक प्रमुख कार्य होय. या साधनांत पुढे संगणकावरील भाषासंचयांची भर पडली. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या एमिल प्रकल्पाशी सहकार्य करून सिद्ध झालेल्या चौदा भाषांच्या संचयात मराठीचा अंतर्भाव असून त्यातील संहिता युनिकोड संकेतात आहे. अशा संचयातून एखाद्या शब्दाचे सर्व प्रयोग संदर्भासह काढून देणारी आज्ञावली 'सी' भाषेत लिहिता येते. एका यंत्रावर बिनचूक चाललेली ही आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर का बिघडते, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संहितेत किती शब्द निघतील हे आज्ञावलीला आधी ठाऊक नसते. म्हणून ती चालता चालता यंत्राकडे स्मृतीतील जागा मागते. 'मॅलॉक' या फंक्शनला बाइटांची संख्या सांगितली की ते मोकळ्या जागेचा पत्ता देते. जागा नसल्यास 'नल', म्हणजे रिकामा पत्ता, देते. 'रीअ‍ॅलॉक' घेतलेली जागा वाढवून देते आणि 'फ्री' ती परत करते. व्यवहार साधा आहे. चुका होतात त्या गृहीतांमुळे.

पहिले गृहीत मापाचे. पूर्वी पायली हे धान्याचे माप गावोगावी निराळे असे. एका गावच्या पायलीने दुसऱ्या गावचा हिशेब करणारा फसे. 'सी'मधील पूर्णांकाची गोष्ट तशीच आहे. ही भाषा १९७०च्या दशकात ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली, तेथे पूर्णांकाला २ बाइट लागत. आजच्या बहुतेक यंत्रांवर ४ लागतात. म्हणून आकडा स्वतः न लिहिता 'साइझऑफ' या क्रियेने त्या त्या यंत्राचे माप विचारून घ्यावे.

मराठी संहितेत याहून सूक्ष्म अडचण येते. 'म्हैसूर' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र हलन्तचिन्ह व स्वरचिन्हे धरून ते सात संकेत आहेत. १९९१च्या 'इस्की' या भारतीय मानकात त्यांना ७ बाइट लागतात, युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात २१. शिवाय शब्द संपल्याची खूण म्हणून आणखी १ बाइट हवा. म्हणजे मागणी २२ची असली पाहिजे. ही खूण विसरून कोणी २१च मागितले, तरी काही यंत्रांवर मागणी आठाच्या पटीत नेली जाते, २४ बाइट मिळतात आणि चूक झाकली जाते. 'म्हैसुरी' या शब्दात आठ संकेत आहेत. तेथे २४ मागून २४च मिळतात आणि पंचविसावा बाइट शेजारच्या जागेत लिहिला जातो. मूळ शब्द सुखरूप आणि त्याचे साधित रूप घातक, असा हा विलक्षण प्रकार आहे.

दुसरे गृहीत शून्याचे. एखाद्या कवीच्या संहितेत अपेक्षित शब्द मुळीच आढळला नाही, तर आज्ञावली शून्य बाइट मागते. अशा वेळी काही प्रणाली रिकामा पत्ता देतात, तर काही खरा दिसणारा, पण वापरता न येणारा पत्ता देतात. मानकाने दोन्हींना मुभा ठेवली आहे. रिकामा पत्ता म्हणजे स्मृती संपली असे मानणारी आज्ञावली एका यंत्रावर या कवीपाशी थांबेल, दुसऱ्यावर पुढे जाईल. यावर उपाय म्हणून निदान एक बाइट मागावा.

तिसरे गृहीत यशाचे. 'रीअ‍ॅलॉक'ला जागा वाढवता आली नाही तर ते रिकामा पत्ता देते. जुनी जागा मात्र तशीच राहते. हे उत्तर जुन्या पत्त्यावरच लिहून टाकले, तर जमवलेल्या साऱ्या शब्दांकडे जाण्याची वाट हरवते. म्हणून उत्तर आधी वेगळे ठेवून तपासावे.

या फंक्शनांची घोषणा करणेही अत्यावश्यक आहे. १९८९च्या मानकानुसार अघोषित फंक्शनचे उत्तर पूर्णांक समजले जाई. त्यामुळे जेथे पत्ता ८ बाइटांचा आणि पूर्णांक ४ बाइटांचा, तेथे निम्मा पत्ता गळून पडण्याचा धोका होता. १९९९च्या मानकाने ही सवलत काढून घेतली.

ही सर्व दक्षता आज्ञावलीभर विखरून ठेवू नये. मागणी, तपासणी आणि अपयशाची सूचना एकाच मध्यस्थ फंक्शनात ठेवावी व इतर सर्व भागांनी त्याच्यामार्फतच जागा मागावी. यंत्र बदलले तरी मग पाहावे लागते ते एकच ठिकाण.

आज्ञावली कोसळली तर निदान चूक कळते. न कोसळता तिने चार शब्द गाळले, तर अभ्यासकाच्या हाती येते ती निर्दोष दिसणारी सूची. 'हा शब्द या कवीत आढळत नाही' हे विधान साहित्याच्या अभ्यासात पुरावा म्हणून वापरले जाते; त्यावर कालनिर्णय आणि कर्तृत्वनिर्णय उभे राहतात. हस्तलिखितातील गळलेली ओळ दुसऱ्या पोथीशी ताडून पाहण्याची शिस्त आपण पाळतोच. तीच शिस्त येथेही हवी: एकच संहिता दोन भिन्न यंत्रांवर चालवावी, सूच्या ताडाव्यात, आणि त्या जुळल्या नाहीत तर दोष कवीच्या शब्दकळेत शोधण्यापूर्वी स्मृतिवाटपात शोधावा.