सहलीची वाट: पांढुर्णा आणि सौंसर

छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना सहलीसाठी दोन दिशा सोयीच्या आहेत. दक्षिणेला नागपूर सौंसरहून सुमारे ६५ किलोमीटरवर, म्हणजे दिवसभरात जाऊन येण्याजोगे. १८६३ चे अजबबंगला वस्तुसंग्रहालय आणि रमण विज्ञान केंद्र तेथे आहेतच. पण सौंसरच्या मुलांसाठी सर्वांत मोलाचे ठिकाण मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. सौंसरवरून जाणारी छिंदवाडा-नागपूर गाडी २०१५ पर्यंत ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावत होती. आजी-आजोबांनी जिच्यातून प्रवास केला, त्या गाडीला असायची तशीच छोटी इंजिने तेथे प्रत्यक्ष पाहता येतात.

दुसरी दिशा छिंदवाड्याची. शहरात १९५४ मध्ये स्थापन झालेले आदिवासी संग्रहालय आहे. पुढे तामियाजवळ पातालकोटची खोल दरी, भारिया समाजाची वस्ती. एका दिवसात संग्रहालय आणि पातालकोट दोन्ही उरकल्यास मुले फक्त दमतात. येथे एक मुक्काम हवाच. लहान मुलांच्या मुक्कामासाठी पालकांचे लेखी संमतीपत्र, सोबत शिक्षिका, प्रथमोपचार पेटी आणि थंडीत पुरेशी पांघरुणे आवश्यक ठरतात. याशिवाय पेंच व्याघ्र प्रकल्पाचे जंगल पाहायचे असल्यास पावसाळा टाळावा. तेव्हा गाभाक्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते.