सुईचा पाव फेरा
विमान-प्रतिकृतीच्या पेट्रोल इंजिनाचा कार्बुरेटर कसा जुळवावा

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. अतिशय सुकुमार असा हा श्रेष्ठिपुत्र भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. तो निराश झाला, तेव्हा तथागतांनी त्याला तो गृहस्थाश्रमात वाजवीत असलेल्या वीणेची आठवण करून दिली. तारा अति ताणल्या तर सूर लागत नाही आणि अति सैल सोडल्या तरीही लागत नाही. वंदनेच्या वेळी हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. आमच्या कार्यशाळेला मात्र त्याचा अर्थ एका इंजिनाने शिकविला, आणि त्यासाठी ते इंजिन आम्हाला गमवावे लागले.

सुमारे ३० घनसेंटिमीटरचे ते टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन होते. सुई फिरविता फिरविता आवाज सर्वांत मोठा झाला, मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि आम्ही पेचकस खाली ठेवला. तिसऱ्या उड्डाणात, भात कापून झालेल्या शेतावर विमान चढत असताना इंजिन एकाएकी थांबले. विमान खुंटांत उतरले, फारसे मोडलेही नाही. पण सिलिंडर उघडून पाहिले तर पिस्टनवर खोल ओरखडे होते. चूक आमचीच होती. ती पुन्हा कोणाकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

कार्बुरेटरचे काम थोडक्यात असे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे तिचा दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाऊन हवेत मिसळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र साडेबारा ते तेरा किलोच्या आसपास, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त असताना मिळते. स्कूटरच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तरंगणारा फ्लोट असतो. विमान उलटे झाले तर ही रचना निरुपयोगी ठरते. म्हणून येथे रबरी पडद्यांचा कार्बुरेटर वापरतात. इंजिनाच्या क्रँककेसमधील दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पंपासारखा हलतो आणि दुसरा पडदा हवे तेवढेच पेट्रोल आत सोडतो. मुरबाड-शहापूरकडे बांधावरचे गवत कापण्याच्या खांद्यावरील यंत्रातही बहुधा याच जातीचा कार्बुरेटर असतो. विमानावर शिकलेली विद्या शेतावरही चालते ती यामुळे.

या कार्बुरेटरला दोन सुया असतात. ‘एल’ खुणेची सुई मंद आणि मध्यम गतीचे पेट्रोल ठरविते, ‘एच’ खुणेची पूर्ण गतीचे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास पेट्रोल कमी होते, उलट फिरविल्यास वाढते. तिसरा स्क्रू केवळ मंद गतीत थ्रॉटल किती उघडा राहावा हे ठरवितो. त्याचा मिश्रणाशी संबंध नाही.

प्रारंभी दोन्ही सुया हलक्या हाताने बंद कराव्यात. जोर लावल्यास सुईचे टोक आणि तिची बैठक कायमची बिघडते. नंतर प्रत्येक सुई साधारण दीड फेरा उघडावी. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाणही त्याच्याच सूचनेप्रमाणे असावे. ४० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे प्रमाण असेल, तर एका लिटरमध्ये २५ मिलिलिटर तेल पडते. इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटे गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर केलेली जुळवणी खोटी ठरते. एका सहकाऱ्याने विमान घट्ट धरावे. जुळविणाऱ्याने प्रोपेलरच्या मागे उभे राहावे आणि त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. हा नियम मोडणाऱ्यास आमच्या कार्यशाळेत त्या दिवशी पुन्हा हात लावता येत नाही.

आता पूर्ण थ्रॉटल देऊन ‘एच’ सुई थोडी थोडी, फेऱ्याच्या आठव्या भागाने, बंद करीत जावी आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे. गती वाढत जाते, एका शिखराला पोहोचते आणि पुढे उतरू लागते. आमची चूक झाली ती याच शिखरावर. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला मिळणारे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल तोडले की तेलही तुटते आणि त्याच वेळी उष्णता वाढते. जमिनीवर ‘उत्तम’ वाटणारे इंजिन आकाशात, प्रोपेलरवरील भार हलका होताच, आणखी वेगाने फिरते आणि कोरडे पडते. म्हणून शिखर सापडल्यावर सुई पुन्हा इतकी उघडावी की गती मिनिटाला २०० ते ३०० फेऱ्यांनी उतरेल. कानाला हा आवाज थोडा मवाळ वाटतो. तोच योग्य सूर होय.

नंतर ‘एल’ सुई. इंजिन मंद गतीत ठेवून थ्रॉटल झटकन उघडावा. इंजिन एकदम गप्प होऊन बंद पडले, तर पेट्रोल कमी आहे. ते घुसमटत, धूर सोडीत, अडखळत गती घेऊ लागले, तर जास्त आहे. ही सुई बदलल्याने पूर्ण गतीच्या मिश्रणावरही परिणाम होतो, म्हणून ‘एच’ पुन्हा तपासावी. शेवटी विमानाचे नाक वर धरून पूर्ण थ्रॉटल द्यावा. त्या स्थितीत गती ढासळली तर सुई आणखी किंचित उघडावी. काही उड्डाणांनंतर स्पार्क प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी रंग समाधानाचा, ओला काळा रंग पेट्रोल जास्त असल्याचा आणि पांढुरका रंग धोक्याचा.

एकदा जुळविलेली सुई कायमची जुळली असे मानू नये. डोंबिवलीच्या मे महिन्यातील उष्ण, दमट हवा विरळ असते. डिसेंबरच्या पहाटेची हवा दाट असते. मे महिन्यातील सुई डिसेंबरमध्ये तशीच ठेवली तर तेच मिश्रण कोरडे होते. पंपावर आज मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळेही मिश्रण कोरड्या बाजूला झुकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुने रबरी पडदे खराब करू शकते. म्हणून दिवसाअखेर टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटर कोरडा करावा.

आणखी एक गोष्ट. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा प्रतिकृतींचाही समावेश आहे आणि मुंबई व नवी मुंबई ही दोन्ही विमानतळे आपल्याला जवळची आहेत. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आपली जागा पाहणे आणि आवश्यक तेथे परवानगी घेणे हे सुईइतकेच महत्त्वाचे आहे.

१ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मग हे जुने शास्त्र निवासी शाळेतील मुलामुलींना कशासाठी, असे काही पालक विचारतात. ऑक्टोबर १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाईसरॉयना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कर्मशाळांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. पुस्तक आणि पाना ही दोन्ही आपल्या हाती यावीत, हा त्या मागणीचा अर्थ आम्ही घेतो. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कारण शोधणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, परिणाम पाहणे आणि मगच मत बनविणे ही सवय सुईच्या पाव फेऱ्यात जशी लागते, तशी फळ्यावर लागत नाही.

ओरखडे पडलेला तो पिस्टन आम्ही टाकून दिलेला नाही. कार्यशाळेच्या दाराशी तो खिळ्याला टांगलेला आहे आणि नवीन येणारे प्रत्येक मूल प्रथम त्यावरून बोट फिरविते. माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. घरी बंद पडलेले गवत कापण्याचे यंत्र किंवा जुना कार्बुरेटर असेल तर भंगारात देऊ नका, येथे आणून द्या. आमच्या मुलांना उघडून पाहण्यासाठी त्याहून चांगले पुस्तक नाही.