गिधाडांच्या रक्तरसातील पुरावा

शिरेतून काढलेले रक्त काचेच्या नळीत काही वेळ निश्चल ठेवले की ते गोठते आणि त्यातून पिवळसर, निवळ द्रव सुटा होतो. हा रक्तरस, दवाखान्यातील रूढ शब्द सीरम. शरीरातील अवयवांच्या बऱ्यावाईटाची नोंद या द्रवात उमटत असते. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतील एन्झाइमे रक्तरसात उतरतात; मूत्रपिंडे थकली की जे मूत्रावाटे बाहेर पडावयाचे ते त्यात साठू लागते.

मात्र ही नोंद वाचण्यापूर्वी प्राणी कोणता, हे विचारावे लागते. माणसाच्या मूत्रपिंडांची स्थिती युरिया व क्रिएटिनिन यांवरून अजमावतात. पक्ष्यांत ही मापे फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या शरीरातील नायट्रोजन मुख्यतः यूरिक अम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. पक्ष्याच्या विष्ठेतील पांढरा भाग तो हाच. हे अम्ल पाण्यात फार थोडे विरघळते. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील त्याचे प्रमाण भराभर चढते आणि अखेर हृदयावर व यकृतावर खडूच्या भुकटीसारखे पांढरे थर बसतात.

असेच थर दक्षिण आशियातील मेलेल्या गिधाडांत आढळले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने घटल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या काळात भारतात हजारी एकाच्या आसपासच उरले. मुंबईतील पारशी समाजाच्या दखम्यांनाही गिधाडांची उणीव भासू लागली. आरंभी संशय साथीच्या रोगावर होता, आणि तो अस्वाभाविक नव्हता.

उत्तर मिळाले ते पाकिस्तानात. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले की, अवयवांवर असे थर असलेल्या, तपासलेल्या २५ही गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक होते, आणि थर नसलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नव्हते. गुरांच्या सुजेवर व वेदनेवर दिले जाणारे हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते.

पण नुसती बंदी घालून भागणार नव्हते. शेतकऱ्याला दुखऱ्या बैलासाठी काही औषध तर हवेच. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध सुचले, परंतु नामशेष होऊ घातलेल्या पक्ष्यावर त्याचा प्रयोग करावा तरी कसा? म्हणून प्रथम त्या काळी तुलनेने विपुल असलेल्या आफ्रिकी गिधाडांना अल्प मात्रा देण्यात आली. ती क्रमाने वाढविली. नंतर मोजक्या भारतीय गिधाडांवर परीक्षा झाली. प्रत्येक टप्प्यावर यूरिक अम्ल मोजले गेले. डायक्लोफेनॅक दिलेल्या गिधाडांत ते अफाट चढून साधारण दोन दिवसांत मृत्यू येई. मेलॉक्सिकॅम दिलेल्यांत ते नित्याच्या मर्यादेत राहिले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारतात गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

अशा मोजणीत फसगत होण्यास जागाही पुष्कळ. भरपेट मांस खाल्लेल्या शिकारी पक्ष्याचे यूरिक अम्ल काही तास निरोगी अवस्थेतही वाढलेले असते. म्हणून उपाशी पोटी घेतलेला नमुनाच विश्वसनीय. रक्त काढताना नळी जोराने हलविली व तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियमसारखी काही मापे बिघडतात. औषध देण्यापूर्वीचा त्याच पक्ष्याचा आकडा हाती नसेल, आणि औषध न दिलेला पक्षी शेजारी तुलनेला नसेल, तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात खऱ्या. पण त्यांवाचून मेलॉक्सिकॅमवर विश्वास कोणी ठेवला असता?

पुढे हीच कसोटी इतर वेदनाशामकांना लागली. केटोप्रोफेनने गिधाडे मरतात, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. असेक्लोफेनॅकचे गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते, हेही उघड झाले. या दोहोंवर गुरांच्या वापरासाठी भारतात बंदी आली ती २०२३ साली. केटोप्रोफेनपुरते बोलावयाचे तर प्रयोगशाळेतील आकडा राजपत्रात पोहोचावयास १३ वर्षे लागली, आणि गिधाडाची जोडी तर वर्षाकाठी एकच अंडे घालते.