संकेतस्थळाचा मोबदला आणि काही रूढ समज

स्वतंत्रपणे संकेतस्थळे बांधून देणाऱ्या मराठी तरुणाला आपला दर सांगताना जो संकोच होतो, त्याचे मूळ पुष्कळदा त्याच्या स्वभावात शोधले जाते. वस्तुतः ते एका चुकीच्या भागाकारात असते. नोकरीत दरमहा ६०,००० रुपये मिळत होते, महिन्याचे बावीस दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर तासाला सुमारे ३४१ पडत होते, तेव्हा ४०० मागितले तरी आपण फायद्यातच आहोत, असा हा हिशेब असतो. आणि तो ऐकायला इतका निर्दोष वाटतो की वर्षअखेरीस जमाखर्च जुळेनासा होईपर्यंत त्यातील खोट ध्यानात येत नाही.

पगारी नोकराला बैठकीत जांभया देण्याचा आणि गणपतीच्या सुट्टीचाही मोबदला मिळतो; स्वतंत्र व्यावसायिकाला मात्र ज्या तासाचे बीजक करता येते, त्याच तासाचा मिळतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले, सणवार, आजारपण आणि गावाला जाणे यांसाठी २५ सोडले, तर फार तर २३६ दिवस हाती उरतात. आणि त्यांतलाही निम्मा वेळ नवे काम मिळवण्यात, दरपत्रके लिहिण्यात, फोनवर समजूत घालण्यात व थकलेल्या रकमेचा तगादा लावण्यात जातो असे धरले, तर विकण्याजोगे तास राहतात अवघे ९४४. उलट बाजूस, पूर्वीच्या ७ लाख २० हजारांत लॅपटॉपची झीज, इंटरनेट, आरोग्यविमा, सनदी लेखापालाची फी आणि पूर्वी कंपनी भरत असलेला भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा यांसाठी, समजा, २ लाख ४० हजार मिळवावे लागतात. ९ लाख ६० हजारांस ९४४ ने भागले की दर १,०१७ रुपयांच्या घरात जातो, म्हणजे ज्या ४०० ला आपण फायदा समजत होतो त्याच्या अडीचपट. आणि यात नफा अजून धरलेलाच नाही.

हा आकडा ग्राहकास सांगितलाच पाहिजे, असे मात्र नाही. तासावर आकारणी हीच सर्वांत प्रामाणिक पद्धत, या समजुतीत एक विचित्र अन्याय आहे: सरावाने जे काम एका दुपारी उरकते, त्यासाठी कुशल माणसाला नवशिक्यापेक्षा कमी पैसे मिळतात. दर आपल्या वहीत राहू द्यावा आणि नाशिकच्या एखाद्या द्राक्ष-निर्यातदाराला पाने किती, भाषा किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती हे लिहून ठोक रक्कम सांगावी. देखभालीच्या कामाला मासिक ठराव बरा.

कराच्या बाबतीत समज परस्परविरुद्ध दिशांनी धावतात. पहिल्या रुपयापासून जीएसटीची नोंदणी हवी, आणि परराज्यातला ग्राहक आला तर हवीच, असे एक पक्ष मानतो. परंतु महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि परराज्यात सेवा पुरवणाऱ्यालाही १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने तीच सवलत दिलेली आहे. परदेशी ग्राहकाचे काम मात्र, त्यावर कर शून्य असला तरी, या २० लाखांत मोजले जाते. दुसरा पक्ष नोंदणी नसतानाही बीजकावर १८ टक्के लावून मोकळा होतो, ज्याला कायद्याची साफ मनाई आहे. आणि नोंदणी झालेल्यानेही निश्चिंत राहू नये, कारण ग्राहकाने छदामही दिला नसला तरी बीजकाच्या तारखेप्रमाणे कर सरकारजमा करावाच लागतो.

टीडीएस कापला म्हणजे तेवढे पैसे बुडाले, ही तक्रारही अशीच. १ लाखाच्या बीजकावर १८,००० जीएसटी निराळा दाखवला असेल, तर दहा टक्के कपात १ लाखावरच होते आणि ती आपल्या नावे फॉर्म २६एएसमध्ये जमा दिसते. माहिती तंत्रज्ञानाच्या व्यावसायिकाने कलम ४४एडीएचा आधार घेतला, तर ढोबळ प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानता येते. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १८ लाख मिळवणाऱ्याचे असे ९ लाख उत्पन्न नव्या करप्रणालीत, अन्य उत्पन्न नसल्यास, करमुक्तच ठरते आणि कापलेली सारी रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत येते. जो विवरणपत्रच भरत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

पैसे केव्हा द्यायचे हे ग्राहकाच्या मर्जीवर, हा समज तर इतका मुरलेला आहे की ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर कुणी अव्हेरतच नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम निराळेच सांगतो. उद्यम नोंदणी केलेला एकटा विकासकही सूक्ष्म उद्योग ठरतो. लेखी ठरलेली मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने, देय होते. नोंदणीला शुल्क नाही. ती काम घेण्यापूर्वीच करून क्रमांक बीजकावर छापावा. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून तर मुदत उलटलेली अशी रक्कम ग्राहकाला, ती प्रत्यक्ष चुकती होईल त्याच वर्षी, खर्च म्हणून वजा मिळते. तेव्हापासून ग्राहकाचा स्वतःचाच लेखापाल मार्चअखेरीस आपल्या वतीने तगादा लावू लागला, ही या तरतुदीची गंमत. मुद्रांकावर करारनामा नव्हता म्हणून हात बांधलेले आहेत असेही नाही. ई-मेलवरचा प्रस्ताव आणि त्याची स्वीकृती यांनाही करार म्हणून मान्यता आहे.

राहता राहिला तो समज, जो ग्राहक आणि विकासक दोघेही सारख्याच श्रद्धेने बाळगतात: पैसे दिले म्हणजे कोड ग्राहकाचा झाला. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात संगणक-आज्ञावली साहित्यकृतीत मोडते, आणि नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला स्वामी मालक असला, तरी स्वतंत्र व्यावसायिकाच्या कोडचा पहिला स्वामी सामान्यतः तो स्वतःच असतो. लेखी आणि सहीनिशी हस्तांतरण झाल्यावाचून ते स्वामित्व ग्राहकाकडे जात नाही. म्हणून अखेरचा हप्ता जमा झाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील, हे एक वाक्य करारनाम्यात घालणे साइट बंद पाडण्याच्या धमकीपेक्षा सभ्य आणि परिणामकारक ठरते. ग्राहकानेही हे कलम वाचावे, कारण हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. नेदरलँड्समधल्या खरेदीदारांसाठी संकेतस्थळ बांधून घेणाऱ्या निर्यातदाराने सही करण्यापूर्वी निदान हे दोन रकाने भरलेले आहेत की नाहीत, ते पाहावे.